तव्यासारखा रोलर

केजच्या बाहेर पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक छोटा कारखाना आहे. सीताफळांसाठी खोकी सांगायला मी तिथं गेलो होतो. दोन तापलेल्या दातेरी रोलरांमधून तिथं साधा कागद जातो आणि घरावरच्या पत्र्यासारखा लाटालाटांचा होऊन बाहेर येतो. मग लाटांना खळ लावून वर दुसरा कागद चिकटवतात.

रोलरपाशी चाळिशीतली एक बाई उभी होती. मशीन सुरू करण्याआधी तिनं रोलरवर चार थेंब पाणी शिंपडलं आणि मान तिरकी करून चर्र आवाज ऐकला.

"तव्यासारखंच की," मी हसत म्हणालो.

"व्हय भाऊ. पयल्या दिशी मला बी तवाच वाटला. तापलाय का म्हणून हातच ठिवून बघितलता."

तिनं उजवा तळवा पुढं केला. त्यावर भाजल्याच्या सरळ रेघा होत्या, एकीशेजारी एक, शेजारच्या पुठ्ठ्यावर होत्या तशाच. माझं हसू तिथंच मेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्याच हातानं सांच्याला भाकरी थापल्या. घरात कुणाला कळलं बी न्हाई," असं म्हणून तिनं बटण दाबलं.