सुलभाच्या निगेटिव्हवरचं पाणी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. मी कणकवलीच्या पुढच्या एका वाडीतला. लहानपणापासून देवचाराच्या आणि चाळ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो, तरी नाही. त्यात धंदा फोटोग्राफीचा. कॅमेऱ्यासमोर जे असतं तेच फिल्मवर येतं, नसतं ते येत नाही... या एका भरवशावर मी आयुष्य काढलं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते माझं मलाच पटत नाही. पण परवा या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं, की जुन्या फोटोंमधले असले सगळे प्रकार म्हणजे फोटोग्राफरची लबाडी. वाचून डोकंच फिरलं. हेच मला एकदा माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं गेलंय. म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा छोटासा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे फोटो काढायची खोली, आणि तिच्याच कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली डार्करूम. पासपोर्ट, बारसं, साठीशांत... आणि सगळ्यात जास्त म्हणजे स्थळांना दाखवायचे मुलींचे फोटो. बाजूला स्टुलावर प्लास्टिकची फुलं, मागे पडद्यावर रंगवलेली बाग. हसू नका, तेव्हा तेच चालायचं.

माझं नाव झालं होतं ते रिटचिंगमुळे. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून मी मुरमं, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचो. आणि दुसरं म्हणजे माझ्यासमोर माणूस अवघडायचा नाही. लाइट लागले की भल्याभल्यांचा पुतळा होतो. मी सरळ गावाचं विचारायचो. घर कुठे, नदी किती लांब, आंब्याची झाडं किती... बोलता बोलता माणूस गावी पोचायचा, आणि मी बटण दाबायचो.

एका दुपारी परब नावाचे गृहस्थ बायको आणि पुतणीला घेऊन आले. परब साकीनाक्याच्या एका कारखान्यात फोरमन. पुतणीचं नाव सुलभा, वय वीस-बावीस. बाप लहानपणीच गेलेला, आई वर्षभरापूर्वी गेली, तेव्हा काकांनी हिला गावाहून इथे आणलं. आता स्थळ बघत होते. बघत म्हणजे ठरवलंच होतं... मुलुंडचे एक चाळिशीचे बिजवर, पदरात मुलगी. त्यांच्या भावाच्या ओळखीने परबांच्या मुलाला नोकरी लागणार होती. हे सगळं परबांनी मला काउंटरवरच, सुलभासमोर सांगितलं. ती जणू तिथे नव्हतीच. वर मला म्हणाले, रंग जरा उजळ करा, तुमच्या हातात आहे ते. मला ते लागलं, पण गिऱ्हाईक म्हणून गप्प बसलो.

तिला स्टुलावर बसवलं, लाइट लावले, आणि नेहमीसारखं विचारलं, “गाव खंयचा गो तुझा?”

आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचं निघालं. मग ती बोलायला लागली. कोकमं सुकवायचं अंगण, घराखालचा व्हाळ म्हणजे ओढा, आणि आता घराला लागलेलं कुलूप. आईच्या आठवणीने म्हणाली, “आवस मागीलदारात उभी रवान हाक मारी. व्हाळापलीकडे ऐकाक येय.”

हे सांगतानाही तिचा चेहरा शांत होता. डोळे कोरडे. काकी म्हणाली हस गं, तशी ती थोडी हसली. मी फोटो घेतले. मी हे मुद्दाम खुलासेवार लिहितोय, कारण पुढे सगळं याच्यावरच येतं... ती रडत नव्हती. मी पोर्ट्रेटवाला आहे हो, समोरच्याच्या पापणीचा केस गळालेला मला दिसतो.

रोल धुतला, प्रिंट काढायला घेतली. तांबड्या दिव्यात, ट्रेमधल्या पाण्याखाली चेहरा हळूहळू उमटायला लागला... आणि माझा हात थांबला. मुलगी रडत होती. दोन्ही गालांवरून ओघळ, एक थेंब हनुवटीवर अडकलेला, पापण्या ओल्या. ओठांवर मात्र तेच थोडंसं हसू. त्या रोलवरच्या तिच्या सगळ्या फोटोंत तेच. त्याच रोलवर तिच्या आधी एका म्हाताऱ्या जोडप्याचे फोटो होते, ते अगदी स्वच्छ.

परब न्यायला आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगणार होतो. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पाकिटातून फोटो काढले, बघितले आणि काउंटरवर आपटले. म्हणाले, “पेन्सिलीने पाणी काढलंस होय रे? पोरीचं लग्न मोडायचे धंदे करतोस?”

दुकानात लोक होते. मी निगेटिव्ह आणून उजेडात तिरकी धरून दाखवली. पेन्सिल फिरवलेली असली की तिथे शिशाची चमक दिसते. तिथे काहीच नव्हतं. पण ज्याला बघायचंच नाही त्याला काय दाखवणार? मी म्हटलं, परत आणा मुलीला. तुमच्यासमोर काढतो, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा.

आले. अंधेरीला माझा मित्र दिगू याची डार्करूम होती. या वेळी तोच स्वतःचा कॅमेरा घेऊन आला. नवा रोल परबांसमोर फोडला. काकीने स्वतःच्या पदराने सुलभाचे गाल पुसून बघितले, कोरडे होते. परब माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. मी पुन्हा तिला गावाचंच विचारलं, कारण मला दुसरं काही येतच नाही. फोटो झाले. रोल मी हातही न लावता दिगूनेच कॅमेऱ्यातून काढून घेतला, आणि परब त्याच्याबरोबर अंधेरीला गेले.

दुसऱ्या दिवशी दिगू स्वतः आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “यार, हे काय आहे? मी पाण्याचे डाग ओळखतो. हे डाग नाहीत.” या वेळी पाणी हनुवटीवरून खाली गळ्यापर्यंत आलं होतं.

परब आता तरी गप्प बसतील असं वाटलं होतं. कसले! त्यांनी मुलीला अंधेरीच्या दुसऱ्या एका स्टुडिओत नेलं. तिथला फोटो व्यवस्थित आला, कोरडा ठणठणीत. मग काय, आमच्या अख्ख्या रस्त्यावर झालं, की या फोटोवाल्याच्या स्टुडिओतच काहीतरी आहे, किंवा हाच बदमाश आहे. लग्नाच्या फोटोंना लोक यायचे बंद झाले. रिटचिंगसाठी ज्यांनी मला डोक्यावर घेतलं, तेच आता माझ्या पेन्सिलीकडे संशयाने बघायला लागले. दिगू सोडला तर माझ्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

त्यानंतर सुलभा एकदा एकटी आली. पहिल्या फोटोची एक प्रत हवी, एवढंच म्हणाली. कशाला ते मी विचारलं नाही. तिचा फोटो, तिचा हक्क. दिला.

आणि मग एका शनिवारी दुपारी एक गृहस्थ स्टुडिओत आले. साधे, ऑफिसातून परस्पर आलेले. त्यांनी बॅगेतून तोच फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. हेच ते मुलुंडचं स्थळ. त्यांनी सांगितलं, की सुलभा त्यांच्या ऑफिसच्या गेटवर उभी होती, फोटो हातात दिला आणि काही न बोलता निघून गेली.

“मला खरं सांगा,” ते म्हणाले, “फोटो काढताना ही मुलगी रडत होती?”

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तिचाही आणि माझाही. पण लबाड म्हणून इतकं ऐकून घेतल्यावर मी खोटं बोलणार नव्हतो.

“नाही,” मी म्हटलं. “मी समोर उभा होतो. ती रडत नव्हती. फोटोत रडतेय. का, ते मला माहीत नाही.”

त्यांनी फोटो पुन्हा उचलला. मग म्हणाले, “मी परबांना दोनदा विचारलं, मुलीची मर्जी आहे ना म्हणून. दोन्ही वेळा त्यांनीच हो म्हटलं.” फोटो त्यांनी जपून बॅगेत ठेवला आणि गेले.

लग्न मोडलं. परब पुन्हा आले, पुन्हा तेच, या वेळी आवाज आणखी चढलेला. मग मात्र मी काउंटरच्या बाहेर आलो. म्हटलं, “परब, मी फोटो काढले, तुम्ही शेजारी होता. पाणी दिसलं तर तुम्ही माझी पेन्सिल तपासलीत, कॅमेरा तपासलात, रोल तपासलात. त्या पोरीला एका शब्दाने विचारलंत?” ते निघून गेले. नंतर कळलं, की मुलुंडच्या त्या गृहस्थांनीच खटपट करून सुलभाला घाटकोपरला तिच्या मावशीकडे पोचवलं होतं.

बऱ्याच काळाने ती नर्सिंगच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला माझ्याकडे आली. मुद्दाम घाटकोपरहून. खरं सांगतो... गावाचं विचारू की नको, असं झालं. शेवटी विचारलं. ती पुन्हा व्हाळाचं बोलली, आईचं बोलली. फोटो साधा आला... नेहमीचा, माणसासारखा.

न्यायला आली तेव्हा मी न राहवून विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. ती म्हणाली, “दादा, आवस गेली तेव्हापासून माका रडूच येना. काकी म्हणा, पोर दगडाची आसा. तो फोटो बघलंय, मगे रातीक पयल्यांदा रडलंय.”

जुन्या निगेटिव्ह तिने मागून घेतल्या. त्यामुळे पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. डबल एक्स्पोजर, खराब झालेलं हायपोचं रसायन, लेन्सवरची वाफ... सगळे तर्क मी तुमच्याआधी लढवून बघितलेत, प्लीज खाली तेच लिहू नका. दुसऱ्या स्टुडिओत ते का आलं नाही, हेही मला माहीत नाही. तिथे तिला गावाचं कोणी विचारलं नसेल, एवढंच सुचतं, आणि ते काही उत्तर नाही. मला लबाड म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण ते पाणी तिचं होतं, माझ्या पेन्सिलीचं नव्हतं.