रेषेवरच आहोत

आमच्या गिर्यारोहण मंडळात तिला सगळे काटाबाई म्हणायचे. होकायंत्रातल्या काट्यावरून की तिच्या जिभेवरच्या, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पोटापाण्यासाठी ती सॅक आणि तंबू शिवायची. बाजारामागच्या खोलीत तिचं जाड सुईचं मशीन होतं आणि भिंतीला डोंगरांचा भला मोठा नकाशा. दर रविवारी त्याच खोलीत ती मंडळातल्या नवख्यांना नकाशा वाचायला शिकवायची, आणि चुकलं की सगळ्यांसमोर झाडायची.

मंडळाचा प्रमुख तिचा सख्खा धाकटा भाऊ. डोंगरात त्याला पहिल्यांदा बोट धरून नेलं ते तिनंच. पण एका बैठकीत त्यानं हातातलं नवंकोरं जीपीएस उंचावलं आणि जाहीर केलं, "रविवारचा वर्ग बंद. आता हे आहे. रेषा दिसते, रेषेवरून चालायचं. शेंबडं पोरही चालेल!"

"आणि रेषा चुकीची असली तर?" काटाबाईनं विचारलं.

"ताई, जग कुठं गेलं आणि तू अजून कागद उलगडत बसलीस. तू आपली पिशव्या शिव."

लोक हसले. मीही हसलो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार, पण ती नुसती उठली आणि निघून गेली. तिचं गप्प बसणं आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

त्या हिवाळ्यात भाऊ दहा-बारा जणांना घेऊन पठारावर गेला. बायकोही बरोबर होती. कुणा अनोळखी माणसानं इंटरनेटवर टाकलेली वाट त्यानं यंत्रात भरून घेतली होती. तो माणूस ती वाट दोर लावून उतरला होता, हे वाचायचे कष्ट मात्र घेतले नव्हते. दुपारी धुकं उतरलं. रेषा कड्याकडे गेली, म्हणून हेही गेले. घसरड्या उतारावर भावजयीचा पाय सरकला आणि नडगीचं हाड मोडलं. तिथून ना वर जाता येईना, ना खाली.

मी फाटलेली सॅक घेऊन काटाबाईच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. भावजयीचा होता.

"ताई, आम्ही कड्यापाशी अडकलोय. पाय मोडलाय माझा."

"कुठे आहात?"

मागून भावाचा आवाज आला, "सांग तिला, आम्ही रेषेवरच आहोत!"

"कुठल्या रेषेवर, गाढवा?" काटाबाई ओरडली. "यंत्रावरचे आकडे वाच!"

त्यानं अक्षांश वाचला. रेखांश वाचायच्या आत फोन बंद पडला.

शिव्या देत देतच तिनं तो आकडा नकाशावर शोधला आणि पट्टी ठेवून आडवी रेघ मारली. या रेघेवर ते कुठंही असू शकत होते. पण कड्याची धार त्या रेघेला एकाच जागी छेदत होती. तिथं तिनं पेन्सिलीनं फुली केली. मी तोवर मंडळातल्या चौघांना बोलावलं, त्यांनी स्ट्रेचर आणलं. डोंगर तासाभराच्या अंतरावर होता. गाडी थांबली तिथून ती होकायंत्र हातात धरून धुक्यात शिरली. आम्ही तिच्या पाठोपाठ. समोरचा माणूस दिसत नव्हता, पण तिची बडबड ऐकू येत होती, त्यामुळे चुकायची भीती नव्हती.

उजेड असेतो ते सापडले. भावजय दगडाला टेकून दात आवळून बसली होती. भाऊ म्हणाला, "यंत्रात काहीतरी बिघाड झाला, ताई."

"यंत्राचं काही बिघडलेलं नाही!" ती कडाडली. "त्यानं दिलेल्या आकड्यावरच मी इथवर आले. बिघाड तुझ्यात आहे. समोर धुकं दिसत होतं ना? पायांना उतार कळत होता ना? मग डोळे काय खिशात ठेवले होतेस?"

त्याच्या सॅकला एक होकायंत्र शोभेला लटकत होतं. तिनं ते हिसडा देऊन ओढून घेतलं. बंद तुटला.

पुढच्या बैठकीत भाऊ म्हणाला, यंत्रामुळे सगळे सुखरूप परतले. भावजय कुबड्यांवर उभी राहिली. "खोटं आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. त्या वेळी कुणी हसलं नाही. काटाबाई बैठकीला आलीच नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर भावजय दर रविवारी तिच्या खोलीत जाऊ लागली. मीही जातो. काटाबाई आता येतील त्या नवख्यांना जीपीएसवरचे आकडेही शिकवते आणि दोन्हींवरून सारखीच झापते. भावाशी मात्र बोलत नाही. "माझा अपमान मी गिळला," ती म्हणते, "पण बायको पाय मोडून बसलीय आणि हा यंत्रावर ढकलतोय, ते नाही गिळवत."

गेल्या महिन्यात त्यानं बायकोकडून निरोप धाडला: मंडळात परत ये, मंडळाचा वर्ग पुन्हा सुरू कर, फक्त त्या दिवसाचा विषय काढू नकोस.

काटाबाईनं मशीन थांबवलं. "त्याला सांग," ती म्हणाली, "माझा पहिला धडाच तो आहे."