काटेरी कुंपणाची दारं

मेलबर्नच्या ऑफिसात बसून मी पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्ह्यातली माणसं मोजत होते. तिथे मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. उपग्रहाचे फोटो उघडायचे, छपरांवर ठिपके द्यायचे, ठिपक्यांवरून वस्तीचा अंदाज काढायचा. नव्या बोअरवेल कुठे घ्यायच्या, ते त्या अंदाजावरून ठरणार होतं.

जिल्ह्याच्या पश्चिमेला सरोवर, काठाला मासेमारीवर जगणारी गावं. पूर्वेला डोंगर, उतारावर केळी, मका, घेवडा आणि इतकी दाट घरं की माझे ठिपके एकमेकांवर चढायचे. मध्ये मात्र तांबडं, कोरडं माळरान. तिथे काट्यांची गोल कुंपणं दिसायची आणि आत काही नाही. चकाकणारा पत्रा नाही, एक गाय नाही. प्रत्येक कुंपणावर ‘रिकामं’ असं लिहून मी मोकळी झाले. काम फार झटपट करते म्हणून मला स्वतःचं कौतुकही होतं, लपवत नाही.

शुक्रवारी पाचला फाइल जायची होती. तीनच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरची सहकारी कॉफी घेऊन माझ्या मागे थांबली. ती नवीन होती, दुसऱ्या प्रोजेक्टवर. आफ्रिकेतली आहे एवढं माहीत होतं. कुठली, ते मी विचारलं नव्हतं.

“हे माझ्या आईचं घर,” एका कुंपणावर बोट ठेवून ती म्हणाली. “आणि तू लिहिलंयस, रिकामं.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “फोटोत कुणीच नाहीये. गुरंसुद्धा नाहीत.”

“फोटो कोरड्या दिवसांतला आहे. पुरुष गुरं घेऊन चाऱ्यामागे जातात. बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं तिथेच राहतात. घरं शेणामातीची, वरून जमिनीसारखीच दिसणार.” तिचा आवाज जराही चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. “आई पहाटे पाण्याला निघते, उन्हं वर आल्यावर परतते. तुझी ही फाइल गेली तर ती तशीच चालत राहील.”

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर ठीक. सासवडकडच्या आमच्या शेतात वडील दरवर्षी धनगरांना बोलावून मेंढ्या बसवायचे, खतासाठी. त्यांची गावं वर्षातले कित्येक महिने अर्धी ओस असायची, मागे म्हातारे आणि शाळेतली पोरं. ती गावं रिकामी आहेत असं आमच्याकडे कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, “नो वरीज, मेट, दुरुस्त कर. पण आकडा कशावरून काढलास ते लिहावं लागेल. आणि पाच म्हणजे पाच.”

कशावरून काढणार? छपरं दिसत नव्हती. तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिकडे सकाळचे आठ वाजलेले, आई अजून पाण्यावरून परतली नसणार. साडेतीनला लावला, पावणेचारला लावला. मी नखं खात बसले. काही सुचत नव्हतं, तिच्याकडे बघवत नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी आईने उचलला. दोघी त्यांच्या भाषेत बोलल्या. मधेच सहकारीचा चेहरा पडला.

“ती सांगत नाही. माणसं आणि गुरं मोजायची नसतात आमच्यात. मोजली की घटतात.”

“अगं, पाण्यासाठी विचारतोय म्हणावं!” मी जवळजवळ ओरडलेच.

तिने पुन्हा विचारलं. आई खूप वेळ बोलत राहिली. मग सहकारीने फोन बाजूला धरला आणि माझ्या स्क्रीनकडे वाकली. “ती म्हणते, आम्हाला मोजू नका, दारं बघा. प्रत्येक कुटुंब आपली गुरं आपल्याच दाराने आत-बाहेर नेतं. जितकी दारं, तितकी कुटुंबं.”

मी फोटो मोठा केला. कुंपणाला फटी होत्या, आणि प्रत्येक फटीबाहेर गुरांनी तुडवलेली फिकट वाट पसरलेली होती. इतके दिवस ती डोळ्यांसमोर होती. तिच्या आईच्या कुंपणाला पाच दारं निघाली. मग तिने उत्तरेकडून आणि मी दक्षिणेकडून माळरान घेतलं. बोलायला वेळ नव्हता. मॅनेजर दोनदा मागे येऊन उभा राहिला. पाचला दोन मिनिटं असताना फाइल गेली.

काही आठवड्यांनी यादी आली. माळरानावर तीन बोअरवेल होत्या, त्यातली एक तिच्या आईच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. मी तिला मिठीच मारली. मला खरंच फार आनंद झाला होता.

तीही हसली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि सहज विचारलं, “याआधी तू कुठले जिल्हे केलेस?”

मी तीन केले होते. तीनही छपरं मोजून. तिथल्या बोअरवेल कधीच झाल्या होत्या, आणि तिथलं कुणी आमच्या ऑफिसात कामाला नव्हतं.