फटकळ गलबताचा झेंडा

कोल्हापुरात समुद्र नाही याचं इथं कुणाला काही वाटत नाही. नदी आहे, तळं आहे, बास झालं. तरी गेल्या दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोफांचं एक गलबत उभं राहिलं आणि ते मी बांधलं, ह्या उजव्या हातानं. हा हात त्याच वर्षी उन्हाळ्यात गेला होता.

गेला म्हणजे जागेवरच होता, पण माझं ऐकत नव्हता. सकाळी चहाचा कप उचलायला गेले आणि कप फरशीवर. दवाखान्यात म्हणाले, पॅरालिसिसचा झटका आहे, पण हलका. पाय लवकर सुधारला. तोंड तर एक दिवसही थांबलं नाही, असं आमचे हे येईल त्याला सांगायचे. राहिला हात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटायला तयार होईनात. मी शिवणकाम करणारी बाई. आमच्या पेठेतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर माझ्या हातचे ब्लाऊज. बोट आणि अंगठा भेटला नाही तर सुई धरायची कशानं? मी मशीनवर चादर टाकली आणि घरात बजावलं, सुईत दोरा ओवता येईल तेव्हाच ही निघेल, तोवर कुणी हात लावायचा नाही.

बायका सुरुवातीला विचारपूस करायला यायच्या. मग हळूहळू कापडाची पिशवी पदराआड धरून माझ्या दारावरून दुसरीकडं जायला लागल्या. समोरच्या घरातली सून, जिचा लग्नातला ब्लाऊजसुद्धा मी शिवलेला, ती एकदा नवा ब्लाऊज घालून आली. काखेत चुणी पडली होती. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हटल्यावर हे घाबरले. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पुन्हा कधी सुई धरता आली नाही तर माझं काय, हाच विचार डोक्यात होता, दुसरा नव्हता.

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताटात तांदूळ आणि राजमा एकत्र करून निवडायला दिले. म्हटलं, बाई, हे मी जन्मभर करत आलेय, ह्यानं काय हात यायचा? मग जयसिंगपूरला दिलेली लेक एक खोका घेऊन आली. आत प्लास्टिकचे बारीक ठोकळे, दाबले की टक्कन एकमेकांत बसणारे. खोक्यावर शिडांच्या लढाऊ गलबताचं चित्र.

"बाईंनीच सांगितलंय, बारीक वस्तू उचलायच्या आणि दाबून बसवायच्या," लेक म्हणाली.

"मी काय बालवाडीत हाय व्हय?"

"बालवाडीतली पोरं सांगितलेलं ऐकतात की."

लेक माझीच, उत्तर कसं मागं राहील.

मी बसले. पहिले काही दिवस ठोकळा बोटांत धरायचा आणि तो निसटून फ्रिजखाली जायचा. शिव्या घालत मी डाव्या हातानं काढायची, परत उजव्यात द्यायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं. हे समोर बसून बघायचे. हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी सुटली, पण बोलणं सुटलं नाही. रोज काहीतरी नवं सांगायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"ह्या गलबताचा इतिहास काय?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यातनं आलंय, दुसरं काय."

"तसं न्हवं. हे गलबत बांधलं राधानगरीच्या रानात. लाकूड तिथं चांगलं म्हणून. बांधून झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं, समुद्र तर घाटाखाली हाय."

मला हसू आलं. "मग?"

"मग काय, बैलजोड्या जुंपल्या आणि घाटातनं उतरवलं. प्रत्येक वळणावर तुतारी वाजवून. खाली बंदरात गेलं, आमच्या एसटीसारखी डबल बेल दिली आणि सुटलं."

असं रोज थोडं थोडं. गलबताचं नाव त्यांनी 'फटकळ' ठेवलं आणि कुणावरून ठेवलं ते सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्यांच्या गोष्टीतला गलबताचा सरदार मिशांचा होता. मी म्हटलं, फटकळ नाव आहे तर वर बाईच पाहिजे. मान्य झालं. मग एके दिवशी माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तोफेच्या दणक्यानं तिचा उजवा हात सुन्न झालता. लोक म्हणाले, बाई, आता घरी बसा. ती काय गलबतावरनं उतरली न्हाय."

मी मान खाली घालून तोफ बसवत राहिले. त्या दिवशी एकही ठोकळा खाली पडला नाही. हा माणूस मला आयुष्यात इतका आवडला नव्हता, पण हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गलबताचं पुढचं टोक, म्हणजे नाळ झाली, तोफा झाल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. खोक्यातली कडक कापडाची शिडं पुढच्या बाजूला फुगलेली, ती अडकवली. राहिला झेंडा. खोक्यातला परका झेंडा आम्हाला नको होता. ब्लाऊजच्या चिंध्यांतनं भगवा तुकडा काढला, काठात बारीक तार घातली म्हणजे तो कायम फडकता दिसेल. पण तो शिवायला सुई लागणार. मी सुई हातात धरली आणि खाली ठेवली. धीर झाला नाही. शेवटी ह्यांनीच तो डोलकाठीला आणि मागं उतरणाऱ्या दोरीला मिळून घट्ट शिवला. टाके असे की पोत्याचं तोंड शिवावं.

दिवाळीत आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं मातीचा किल्ला करतात. ह्या खेपेला समुद्रातला किल्ला होता, म्हणून फटकळला बोलावणं आलं. गल्लीची रीत अशी की बघायला आलेला माणूस एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारतो, हे कुणी केलं. ज्यानं केलं त्यानं पुढं यायचं आणि इतिहास सांगायचा. म्हणजे झेंड्यावर बोट गेलं की मला ह्यांच्याकडं बघावं लागणार. ते मनात सलत होतं.

किल्ला बघायला लोक येणार त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर साडी वाळत घातली. मागून वारा आला आणि साडी शिडासारखी पुढं फुगली. तिच्या शेजारी ओढणी होती, तिचं टोकसुद्धा पुढंच उडत होतं. मी बघतच राहिले. मग दोन-दोन पायऱ्या सोडून खाली आले.

"अहो, झेंडा उलटा हाय."

"उलटा कसा? गाडी पुढं चालली की झेंडा मागं उडतो. सगळी नोकरी स्टेरिंगवर गेली माझी."

"तुमची गाडी डिझेलवर चालायची. हिला वाराच मागनं ढकलतोय. जो वारा शिडात, तोच झेंड्यात. मग झेंडा वाऱ्याच्या तोंडावर कसा जाईल?"

त्यांनी गलबताकडं बघितलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. "आता राहू दे की. कोल्हापुरात कुणाला कळतंय?"

"मला कळलंय."

चुकीचं शिवलेलं उसवल्याशिवाय मला जेवण जात नाही. डाव्या हातानं कात्री लावून मी त्यांचे टाके उसवले. ते सवयीनं सुई घ्यायला पुढं झाले. मी डबी माझ्याकडं ओढली.

दोरा ओठात धरून ओला केला. सुई डाव्या हातात, दोरा उजव्या. अंगठा आणि बोट भेटलं, पण दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला. परत. परत बाजूनं. मग सुईच पडली. हे गुडघ्यावर बसले आणि फरशीवर हात फिरवून त्यांनी ती शोधून दिली. दवाखान्यातसुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. मी हात टेबलाच्या कडेला टेकवला, श्वास धरला आणि दोरा आत गेला. पलीकडून टोक दिसलं, ते मी त्याच बोटांनी ओढून घेतलं.

"ओवला," हे हळूच म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हटलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की शेजारी ऐकू गेलं असेल.

सुई मग उजव्या हातात घेतली. झेंडा पुढच्या दोरीला लावला, टाके बारीक घातले. पहिले दोन वाकडे आले. ते उसवून पुन्हा घातले.

संध्याकाळी तालमीसमोर गर्दी. हे रंगात येऊन राधानगरीचं रान, बैलजोड्या, तुतारी सगळं सांगत होते. इतक्यात मोटरसायकलवरनं आलेला एकजण म्हणाला, "पावणं, झेंडा उलटा लागलाय की."

मी तोंड उघडायच्या आत हेच पुढं झाले. "उलटा न्हाय. हिला वारा मागनं ढकलतोय. जो वारा शिडात, तोच झेंड्यात. एवढं साधं कळंना व्हय?"

जसं काही हेच गच्चीवर गेले होते. पण तो माणूस खाली वाकला, शिडाकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "नाद खुळा. कुणी शिवला?"

"मी," मी म्हटलं. पुढं होऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

समोरच्या घरातली सून माझ्या शेजारीच होती. तिनं वाकून टाके निरखले, माझ्या हाताकडं बघितलं आणि सरळ घरी गेली. मला वाटलं, गेली. थोड्या वेळानं ती परत आली ती कापडाची पिशवी घेऊन. पदराआड नव्हती धरली, पुढं धरली होती.

"मावशी, तो ब्लाऊज काखेत चुणी मारतोय ओ."

"मला तवाच दिसलं होतं. सकाळी ये, मापं घ्यायला."

"वेळ लागला तरी चालंल मावशी."

"वेळ लागेलच," मी म्हटलं. "पण चुणी पडणार न्हाय."

घरी आले. मशीनवरची चादर उजव्या हातानं धरली आणि ओढून काढली. चाकावर धूळ बसली होती, ती पुसली, तेल घातलं. मागं हे दारात उभे होते. त्यांनी दाराच्या कडीवर बोट दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "डबल बेल." मी मशीनचा पायटा दाबला.