ज्युनियरच्या कट्ट्यावरची म्हस

ज्ञानूला शिक्षण विचारलं की तो छाती काढून सांगतो, "आपुन ज्युनियरच्या पहिल्या बॅचचं!" आणि लगेच दुसऱ्या विषयावर जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पुन्हा वर्गात गेलाच नाही, हे त्याची बायको अंबूबाई मागाहून सांगते.

हुपरी रस्त्याकडेच्या माळावर तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत अकरावी, दुसरीत प्राचार्य. ज्ञानूचं मन फळ्यावर रमेना, पण कॉलेजही सुटेना. मग त्यानं मधला मार्ग काढला. रोज संध्याकाळी घरची म्हैस हाकत आणायची, करंजाच्या झाडाखाली बांधायची आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात थेट धार काढून द्यायची. कोल्हापुरात तालमीतनं आलेल्या माणसाला असं फेसाळ दूध लागतंच, आणि जिथं ते मिळतं तो कट्टा. ज्युनियरला ग्रंथालय यायच्या आधी कट्टा आला, असं जुनी पोरं अजून म्हणतात.

पुढं पत्रा जाऊन स्लॅब पडला, पदवीचे वर्ग आले, हॉस्टेल आलं. इकडं त्या पहिल्या म्हशीची, गंगीची, लेक आली, नात आली, आणि आता पणती चंद्री. दोन्ही घराण्यांची भरभराट एकदमच चालली होती म्हणा ना.

एकाच माणसाला हे खुपायचं, ते म्हणजे निर्मलाबाई. सीमेकडच्या लिंगायत घरातल्या. मराठी अस्सल, पण राग आला की त्यात कानडी ठसका यायचा. त्या इतिहास शिकवायच्या आणि त्यांच्या वर्गाची खिडकी नेमकी कट्ट्यावर उघडायची. संध्याकाळच्या तासाला म्हशीचं रेकणं आणि शेणाचा वास दोन्ही आत यायचे. "ज्ञानू, एक तर तुझी म्हस बोलंल, न्हाईतर मी!" असं त्या खिडकीतनं ओरडायच्या. दरसाल प्राचार्यांकडं लेखी तक्रार जायची. प्राचार्य ती मान डोलवत ऐकायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर येऊन ग्लास रिकामा करायचे.

यंदा कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि निर्मलाबाई कुलसचिव झाल्या. गावभर पेढे वाटले. ज्ञानूनं पेढा तोंडात टाकला, पण तो त्याला गोड लागेना.

ज्याची धास्ती होती तेच झालं. आधी झाली कंपाउंडची भिंत. करंज आत गेला, ज्ञानू बाहेर राहिला. मोठ्या गेटवर गणवेशातले रखवालदार आले आणि त्यांनी सांगून टाकलं, "जनावरं आत न्हाईत." बाईंकडं जाऊन विचारावं तर कुठल्या तोंडानं? तो दिवस उजाडावा म्हणून बाई इतकी वर्षं भांडल्या होत्या. तेव्हापासून कुणी युनिव्हर्सिटी म्हटलं की ज्ञानू फणकारायचा, "कसली युनिव्हर्सिटी! ज्युनियरच की त्ये!"

त्यानं चंद्रीला रस्त्याकडेला बांधून बघितलं. पण कागलच्या एमआयडीसीकडं जाणारे ट्रक कानाशी भोंगे वाजवत जायचे आणि चंद्री पान्हा चोरायची. पेंड झाली, पाठ खाजवून झाली, रेडकू समोर उभं करून झालं. सकाळी घरी अंबूबाईच्या हाताला ती बरी वळायची, संध्याकाळी मात्र करंजाखालची सवय, घरीसुद्धा थेंब देईना. कास दगडासारखी ताठली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर सड निकामी होतील. शेवटी रडतखडत ज्ञानूनं व्यापारी हंबीररावांना निरोप धाडला. ते विद्यापीठाच्या उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी म्हैस बघायला घरी येणार होते. घरात जन्मलेलं जनावर दुसऱ्याच्या हातात दावं देऊन पाठवायचं, ही कल्पनाच ज्ञानूला सोसेना.

व्यापारी यायच्या आधी हॉस्टेलच्या पोरांना एकदा चंद्री दाखवावी म्हणून तो तिला घेऊन गेटपाशी आला. आत मांडव सजला होता. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. रखवालदार सलाम ठोकून ताठ उभे राहिले, आणि चंद्रीनं हिसडा मारून दावं सोडवलं. गाडीच्या मागोमाग ती ऐटीत आत शिरली, जसं काही निमंत्रण तिलाच होतं.

ज्ञानूला रखवालदारांनी गेटवरच धरलं. त्यांच्या हातापाया पडण्यात बराच वेळ गेला. तो मांडवाशी पोचला तेव्हा पाहुणे नुकतेच 'ज्ञानाची गंगा' या शब्दापर्यंत आले होते आणि करंजाखालून गंगीच्या पणतीनं जोराचा हंबरडा फोडला. सगळा मांडव हसला. निर्मलाबाई मात्र व्यासपीठावरून उतरल्या आणि पदर खोचत थेट करंजाकडं निघाल्या. मेलो आता, असं ज्ञानूला वाटलं.

बाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "निल्लु, निल्लु," म्हणजे उभी राहा, असं कानडीत चुचकारत त्यांनी चंद्रीच्या कासेला हात लावला, आणि मग वळल्या.

"किती दिवस झालं हिचं असं?"

"भिंत झाल्यापास्नं, बाई."

"आणि मला सांगायला तुझं तोंड शिवलं होतं काय रे?"

"तुमीच तर दरसाली तक्रार करत हुता न्हवं..."

"तक्रार शेणाची होती! म्हशीची कवा केलती मी? आमच्या माहेरच्या गोठ्यात काय मोटारी होत्या? बस खाली. काढ धार."

"हितं? भाषण चाललंय की वं."

"भाषण थांबतंय. म्हस थांबत न्हाई."

ज्ञानू बसला. सडाला बोटं लागली आणि चंद्रीनं असा पान्हा सोडला की त्याचेच डोळे भरून आले. भांडं नव्हतं म्हणून शिपाई व्यासपीठावरचे पाण्याचे ग्लास घेऊन आला. चंद्री डोळे मिटून रवंथ करू लागली. हॉस्टेलची पोरं रांगेला लागली, पाहुणेही उतरून आले आणि मिशीला फेस लावून परत भाषणाला गेले. भाषण त्यामुळं आटोपशीर झालं, हा आणखी एक फायदा.

बाईंनी तिथंच कंत्राटदाराला बोलावलं. "करंजाजवळ भिंतीला फाटक पाडायचं."

"मॅडम, नकाशात न्हाई ते."

"नकाशात म्हसबी न्हवती. आली न्हवं?" मग त्या ज्ञानूकडं वळल्या. "आणि शेण रोजच्या रोज उचलायचं. न्हाईतर फाटकाला कुलूप मी स्वतः घालीन."

"व्हय, बाई," ज्ञानू म्हणाला. इतक्या वर्षांत बाईंचं ओरडणं त्याला पहिल्यांदाच गोड लागलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. येताना तो चंद्रीच्या पाठीवर हात टाकून रस्त्याच्या मधनं चालत आला, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात.

घरी हंबीरराव सोप्यात वाट बघत बसले होते. उठून म्हणाले, "आणलीसा व्हय? बगू कास."

"बसा पावणं. म्हस इकायची न्हाय."

आत अंबूबाईनं कपाळाला हात टेकून देवीचं नाव घेतलं आणि पाण्याला आधण ठेवलं. मग तिथनंच ओरडली, "अवं, च्याला दूध कुटं हाय?"

ज्ञानूनं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ऐसपैस मांडी घातली.

"पावण्यास्नी कोराच दे," तो म्हणाला. "आजचं समदं दूध आमच्या युनिव्हर्सिटीत संपलं."