रोपं राखणारी इरुळायी

करुवेलंपट्टीत मारिअम्मनची जत्रा ठरली, की कारभारी चेल्लय्या आधी देवळात नाही, इरुळायीच्या दारात जायचा. तिच्या हातच्या रोपांवाचून जत्रा उभी राहत नसे. मडक्यांत नऊ धान्यं पेरायची, देवळामागच्या बंद खोलीत आठ दिवस उजेड न दाखवता वाढवायची, नवव्या दिवशी बायकांनी डोक्यावर मिरवत नेऊन तळ्यात सोडायची. रोपं वीतभर झाली तर साल चांगलं, खुरटली तर गाव वर्षभर धास्तावलेलं. नवरा वारला तेव्हा चार जणींनी नाकं मुरडली, की आता विधवेच्या हातानं कसं पेरायचं? त्या साली दुसरीनं पेरलं, निम्मी मडकी कुजली, आणि त्याच चौघी पुढल्या खेपेला मुकाट्यानं इरुळायीच्या ओट्यावर येऊन बसल्या. ते एक साल सोडलं तर सव्वीस वर्षं हे काम तिचंच.

बाई फटकळ. पाणी शिंपताना कुणी दारातून डोकावलं, की आतूनच म्हणायची, "सरक गं तिकडं, तुझी नजर लागून चवळी वर यायची थांबते." ऐकणारीही हसायची.

नियम दोनच, पण कडक. मनगटाला हळदीचं कंकण बांधलं, की मडकी पाण्यात सुटेपर्यंत वेस ओलांडायची नाही. दुसरं, सुतक चालायचं नाही. आपलं माणूस गेल्याचं कानावर आलं, की तिनं खोलीबाहेर व्हायचं आणि अठ्ठेचाळीस घरांची मडकी उकिरड्यावर जायची. पण सुतक कानातून लागतं, ऐकलंच नाही तर लागत नाही, असं गावानं ठरवून टाकलेलं. सोयीचं होतं ते. जत्रेच्या दिवसांत वाईट निरोप वेशीवरच थोपवून धरायचे आणि जत्रा आटोपल्यावर सांगायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नसे, इरुळायीलाही नाही.

ही गोष्ट घडली त्या साली तिची एकुलती एक लेक पांचवर्णम तिसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. सासर आठ मैलांवर. पेरणीच्या आदल्या दिवशी इरुळायी तिला भेटून आली. लेक अशक्त दिसत होती. म्हणाली, "अम्मा, या खेपेला इथंच राहा ना." इरुळायीनं तिच्या केसांना तेल चोपडलं, वेणी घातली आणि सांगितलं, की नऊ दिवस दम धर, मडकी पाण्यात सुटली की तशीच ओल्या लुगड्यानं येते.

मंगळवारी पेरणी झाली, कंकण बांधलं. गुरुवारी निरोप आला, मुलगा झाला. इरुळायीनं खोलीच्या दारातच बायकांच्या हातावर गूळ ठेवला.

शनिवारी दुपारी ती कळशी घेऊन विहिरीकडं निघाली होती. वेशीवरच्या चिंचेखाली तिला सायकल दिसली, आणि सायकलीशेजारी सोणैमुत्तू, जावयाचा धाकटा भाऊ. चेल्लय्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही सांगत होता. पोरगा खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसत होता. मग चेल्लय्यानं त्याच्या मुठीत एक पुडी दिली आणि सायकल परतीच्या वाटेला वळवून धरली.

इरुळायी जागीच थबकली. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना. तिच्या मनानं तिथंच ठरवलं, पांचवर्णम गेली. चार पावलं पुढं जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं. पण कळून काय करायचं? लेक जिवंत असती, तर कंकण तोडून अनवाणी धावली असती ती, गाव गेलं खड्ड्यात. मेलेल्या लेकीसाठी मात्र अठ्ठेचाळीस घरांचं साल कशाला बुडवायचं? रडायचं ते बुधवारीही रडता येईल. ती माघारी फिरली. कळशी रिकामीच राहिली.

संध्याकाळी चेल्लय्या खोलीपाशी आला आणि घुटमळला. तिनं विचारलं असतं, तर त्याला खोटं बोलता आलं नसतं. म्हणाला, "ऊन फार आहे, अक्का." ती हो म्हणाली आणि पुन्हा पाणी शिंपायला लागली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बायका मडक्यांभोवती फेर धरून टाळ्या वाजवत गायच्या, त्यांत हिचा आवाज सगळ्यांत मोठा. तोंडात घास जात नव्हता, बायकांना वाटलं उपास कडक धरलाय. रोपं मात्र अशी वाढली, की म्हाताऱ्यांनाही तशी पाहिल्याचं आठवेना. तिला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. तरी वेळच्या वेळी पाणी घालत राहिली, कारण हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

बुधवारी मडकी तळ्यात सुटली. तिनं पाण्यातच कंकण तोडलं आणि कुणाशी न बोलता ओल्या लुगड्यानं आठ मैल चालत गेली.

लेकीच्या अंगणात जावई करुप्पय्या बसला होता, डोक्याचं मुंडन केलेला. विहीणबाईंच्या मांडीवर बाळ होतं. इरुळायीनं छाती बडवून घेतली, धुळीत बसली आणि चार दिवस गिळलेलं सगळं बाहेर काढलं. जावई म्हणाला, "शनिवारी भावाला पाठवलं होतं तुम्हाला न्यायला."

"न्यायला?"

"ताप चढला होता, पण शुद्धीत होती. सारखी तुम्हालाच बोलवत होती. कारभाऱ्यांनी अंगारा देऊन पाठवलं, म्हणाले कंकण बांधलंय, येता येणार नाही. परवा दुपारी गेली. तोवर डोळे दाराकडंच."

इरुळायीचं रडणं थांबलं. शनिवार, रविवार, सोमवार. आठ मैल चालायला तिला अर्धा दिवसही लागला नव्हता.

विहीणबाईंनी बाळ पुढं केलं. तिनं हात उचलले नाहीत.

"मी बघितलं होतं सोणैमुत्तूला, वेशीवर," ती जावयाला म्हणाली. "मला वाटलं, ती गेलीच. म्हणून विचारलं नाही."