पाय फाटकाकडे

ईस्टरनंतरच्या मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता, परतवाड्यात मार्थाबाईंची मयत दफनभूमीच्या फाटकासमोर अडवली गेली. फाटकाला कुलूप होतं. ते कुलूप ना सरकारचं होतं, ना चर्चचं. समोरच्या नव्या ले-आउटच्या रहिवासी समितीनं ते लावलं होतं. मी तिथे होते. उद्या कुणी 'असं काही झालंच नाही' म्हणालं, तर हा कागद त्याच्या हातात द्या.

मात्र 'मार्थाबाई' म्हणून विचारलंत तर परतवाड्यात कुणी सांगणार नाही. 'राजावाली मावशी' म्हणा. जीप स्टँडवरचा कुठलाही ड्रायव्हर कडुनिंबाकडे हात करून सांगेल, इथं बसायची. चिखलदऱ्याला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपच्या सीटांना ती रेक्झिनची कव्हरं शिवायची. घाटाच्या वळणांवर अर्ध्या गाडीला ओकाऱ्या होतात, म्हणून कव्हर एका फडक्यात पुसलं गेलं पाहिजे, हा तिचा आग्रह.

येशूला ती कायम 'माहा राजा' म्हणायची. तो कुठे आहे असं विचारलं, की हातातली कैची वर करायची. "वर बसून हाये. राज्य करून राहिला." जणू भाऊ तहसील कचेरीत कामाला आहे आणि ती आत्ताच त्याला जेवणाचा डबा पोचवून आली आहे. तो मेला होता, हेही ती लपवत नसे. "मारलं ना लोकायनं. खिळे ठोकून मारलं. तिसऱ्या दिवशी उठला, मंग वर जाऊन बसला. मारनारे कुठी हायेत आता, सांग?" एवढं बोलून मशीनला पाय मारायची. विषय संपला.

ड्रायव्हर तिला छळायचे. एकदा एकानं विचारलं, "मावशी, तुहा राजा राज्य करून राहिला तं स्टँडवरचा हा खड्डा काहून बुजत नाही?"

"त्याले खड्ड्याचं टेंडर कोनी देल्लं बापू?" मावशी म्हणाली. "अन् तुले हात देल्ले ना त्यानं? घे फावडं."

रशीदभाईंची जीप तिच्यासमोरच लागायची. ते एकदा समजुतीनं म्हणाले, "मौसी, ईसा अलैहिस्सलाम को तो हम बी मानते. आसमान पे उठाए गए."

"मानता ना? तो वरून पाहून राहिला, हे बी मानता?"

"हौ."

"मंग नऊ सीटच्या गाडीत पंधरा मानसं काहून कोंबता, रशीदभाई?"

सगळा स्टँड हसला. रशीदभाईंनी त्या फेरीला दोघांना उतरवलं. पुढच्या फेरीला पुन्हा पंधरा. पण मागच्या सीटवर चढणाऱ्याला ते बजावायचे, "मौसी के सामने झुक के बैठ."

आमचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, निशिगंध. आमचं घर आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत, आणि ती पावसाळ्यात दोन्हीकडून सारखीच गळायची. आम्ही हिंदू. पण ईस्टरला पहाटे, अंधार असतानाच, ती आमचं दार वाजवायची आणि मला फुलांच्या टोपलीसकट घेऊन जायची. चर्चची सगळी मंडळी दफनभूमीत जमायची. चुना दिलेल्या क्रुसांवर आम्ही माळा घालायचो, मेणबत्त्या लागायच्या, ढोलकी निघायची. त्या दिवशी रडायला बंदी होती. कुणी डोळ्याला पदर लावला की मावशी जवळ जायची, कबरीवरची माती हातानं सारखी करायची आणि आत झोपलेल्याला सांगायची, "थोडंच राहिलं आता."

तिथेच तिनं मला नियम शिकवला. माणसाचे पाय फाटकाकडे. कारण फाटक पूर्वेला. राजा येईल तो उगवतीकडून येईल, आणि उठून बसणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे पाहिजे. खांदा देणाऱ्या पोरांना पूर्व-पश्चिम कोण समजावत बसणार? त्यांना एवढंच पाठ होतं, पाय फाटकाकडे. सूर्य वर आला की त्या सगळ्या कबरी मला बाजांसारख्या दिसायच्या. आता कुणीतरी हाक मारेल आणि सगळे एकदम पाय खाली सोडून बसतील.

मी लहानपणापासून नको ते विचारणारी. मावशीचा नवरा अकोल्याच्या दवाखान्यात वारला आणि घाईघाईत तिथंच पुरला गेला, जागा मिळाली तशी, उत्तर-दक्षिण. मी विचारलं, "मग काका उठतील तेव्हा त्यांचं तोंड भलतीकडेच असेल ना?" माझ्या आईनं मला चिमटा काढला. मावशी मात्र खळखळून हसली. "अवं येडे, जो मेलेल्याले उठवते, त्याले कूस बदलून देता येत नाही काय?"

पुढे मी अमरावतीला कॉलेजात गेले आणि पत्रकं लिहायला लागले. वसतिगृहाचं पाणी, एसटीचा पास, मुलींच्या संडासाची तुटलेली कडी. सुट्टीत घरी आले की मावशी म्हणायची, "वाच, काय लिहलं ते." मी तावातावानं वाचायचे. ती दोरा तोंडात धरून ऐकायची.

"लय हारलेली हाये वं तुही चिठ्ठी," ती एकदा म्हणाली. "अन्याय झाला, अन्याय झाला. जिंकलेलं मानूस असं रडते काय?"

"आम्ही अजून जिंकलो नाही, मावशी."

"मी तं जिंकली हाव. तरी माहे गुडघे दुखतात. दोन्ही खरं राहते."

मी चिडले. म्हटलं, तुम्ही लोक सगळं वरच्या राजावर सोडून देता, म्हणून खालच्यांचं फावतं. तिनं मशीन थांबवलं. माझ्यासाठी तिनं मशीन थांबवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. "सोडलं कोनी? राजा वर हाये म्हनून भेव नाही. भेव नाही म्हनून तं तोंड उघडते मानूस. तू कोनाच्या भरोश्यावर ओरडतं, ते पाह्य अगोदर."  तेव्हापासून माझ्या कुठल्याही पत्रकात 'नम्र विनंती' हे शब्द आलेले नाहीत.

मग दफनभूमीसमोर प्लॉट पडले, ले-आउट झालं. दफनभूमीचा रस्ता त्यातूनच जातो, पूर्वीपासून. दारासमोरून मयती जातात म्हणून प्लॉटचा भाव पडतो, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि फाटकाला कुलूप बसलं. मी मावशीला घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे गेले. निवृत्त गृहस्थ, बोलणं साखरेचं. चहा दिला. म्हणाले, "आम्हाला कुणाच्या धर्माबद्दल काही नाही हो. पण लहान मुलं घाबरतात."

"काहून घाबरतील?" मावशी म्हणाली. "तिथं कोनी मेल्यासारखं नाही पडलं. उठाची वाट पाहून राहिले सगळे."

अध्यक्षांचा कप हवेतच थांबला. "उठायची? म्हणजे?"

"उठतीन ना. सगळेच. माही सासू बी."

त्या क्षणी लहान मुलांचं माहीत नाही, पण अध्यक्ष घाबरले. कुलूप काही निघालं नाही. 'तूर्त मागच्या, नाल्याच्या बाजूनं जा' असा तोडगा आम्हाला मिळाला. तिथे भिंत पडलेली आहे. एरवी तिथून डुकरं ये-जा करतात.

बाहेर आल्यावर मावशीनं माझा हात धरला. "मले याच फाटकातून नेजो वं. मांगून नको. राजाच्या घरी चोरावानी जाऊ काय?" मी म्हटलं, नेईन. नगरपालिका, तहसील, पोलीस ठाणं, सगळीकडे अर्ज दिले. सगळीकडे 'बघतो' म्हणाले. अजून बघताहेत.

तिच्या शेवटच्या ईस्टरला कुलूप तसंच होतं. तिला चालवत नव्हतं. रशीदभाईंनी पहाटे जीप काढली, तिनंच शिवलेल्या सीटवर तिला बसवून फाटकापर्यंत आणलं. आम्ही माळा गजांना बांधल्या आणि रस्त्यावरच ढोलकी वाजली. मी आत जाता येत नाही म्हणून धुमसत होते. मावशीनं जीपमधूनच मला हाक मारली. "बायबलातल्या त्या बाया बी पहाटे राजाच्या कबरीवर निघाल्या, तवा कबरीच्या तोंडावरचा धोंडा कोन लोटन, हे त्यायले तरी कुठी माहीत होतं? तरी निघाल्या. घरी बसून धोंड्यावर अर्ज नाही लिहले." माझ्या अर्जांना मारलेला तो शेवटचा टोमणा. सोमवारी रात्री ती गेली.

मंगळवारी साडेतीनला आम्ही तिला रशीदभाईंच्याच जीपमधून फाटकासमोर आणलं. अध्यक्ष म्हणाले, किल्ली चिटणीसांकडे. चिटणीस अमरावतीला गेले होते, फोन उचलत नव्हते. पोलीस आला आणि त्यानं नाल्याकडे बोट दाखवलं. मी कुलूप फोडायला दगड उचलला, तर चर्चच्या पाळकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. ऊन कलायला लागलं. शेवटी रशीदभाईंनी जीप नाल्याच्या बाजूला नेली, पोरांनी पेटी खांद्यावर घेतली आणि पडक्या भिंतीतून आत शिरले.

पेटी खाली गेली. दोर निघाले. आम्ही पहिल्या मुठी टाकल्या. पाळकांनी 'पुन्हा उठतील' हे शब्द म्हणायला डोळे वर केले आणि थांबले. सूर्य मावशीच्या पायांच्या रोखानं मावळत होता. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. पाठ केलेला नियम त्यांनी पाळला होता, पाय आत येण्याच्या वाटेकडे. पण ह्या वेळी वाट पश्चिमेची होती.

बायकांनी हंबरडा फोडला. कुणी म्हणालं, वर काढा. कुणी म्हणालं, माती पडली, आता काढू नये. पाळकांना सुचेना. मी, जिला तिचा राजा कधी दिसला नाही, ती पुढे झाले आणि मावशीच्याच आवाजात म्हणाले, "जो मेलेल्याले उठवते, त्याले कूस बदलून देता येत नाही काय?" कुणीतरी रडता रडता हसलं. मग दुसरं कुणी. मग सगळ्यांनी मिळून माती ओढली.

त्या ओळीत ती एकटी उलटी झोपली आहे. तिचा राजा ते पाहून घेईल. तिला खात्री होती, आणि तिच्या खात्रीला मी जामीन राहते. पण फाटकावरचं कुलूप राजानं लावलेलं नाही. ते माणसांनी लावलंय आणि माणसांनीच काढायचंय.

पुढच्या ईस्टरला, अंधार असतानाच, परतवाड्याच्या त्या फाटकासमोर या. तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही, कुणी विचारणार नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. फुलं आमच्याकडून. आणि त्या ले-आउटमध्ये राहत असाल, तर येताना किल्ली घेऊन या.